मुदतवाढ मिळणेबाबत

माझ्या वडिलांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत मुदतवाढीच्या टेबलावर गेली. कुणाचं बांधकाम रखडलेलं, कुणाच्या परवान्याची तारीख उलटून गेलेली, कुणाला कागद जमवायला आणखी महिना हवा, असे सगळे लोक त्यांच्यासमोर येऊन उभे राहायचे. बाबा ऐकून घ्यायचे, टिपणी लिहायचे आणि फाईल वर पाठवायचे. आमच्या वसईच्या बाजूला या कामाला मरण नाही. इथे पाण्याची योजना मुदतवाढीवर असते, उड्डाणपूल मुदतवाढीवर असतो, आणि नालासोपाऱ्यातल्या कितीतरी इमारती एका स्थगितीपासून दुसऱ्या स्थगितीपर्यंत उभ्या असतात. मधल्या काळात त्यातली माणसं मुलांची लग्नं उरकतात, नातवंडांची बारशी करतात आणि गच्चीवर पत्रे टाकून घेतात. त्यामुळे मुदत संपली म्हणजे काहीतरी संपलं, असं आमच्याकडे कुणी मानत नाही. मुदत संपली म्हणजे अर्ज करायची वेळ झाली, एवढंच.

निवृत्त झाल्यावर बाबा चांदीपला, गावच्या आमच्या घरी परतले. शेत भाऊ बघतो, भावाला आई बघते, आणि बाबा पेपर वाचतात. ही वाटणी कुणी ठरवलेली नाही, पण ती मोडायची कुणाची छातीही नाही. सकाळच्या चहानंतर गावातली चार-पाच वयस्कर मंडळी आमच्या ओटीवर येऊन बसतात आणि बाबा त्यांना बातम्या सांगतात. वाचून दाखवणं त्यांना कमीपणाचं वाटतं. ते सगळं आधी आत बसून वाचतात, मग बाहेर येऊन एकेका बातमीवर तोंडी टिपणी देतात आणि शेवटी आपला शेरा मारतात. घरोघरी टीव्ही आहेत, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, पण बाबांचा शेरा पडल्याशिवाय ती मंडळी बातमी मानत नाहीत. एकदा बाबा तापानं आजारी होते तेव्हा सरकार बदललं, आणि आमच्या ओटीवर ते तीन दिवस उशिरा बदललं.

पुढे बाबांच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध डाग पडायला लागला. वयानं होतं असं, डॉक्टर म्हणाले. समोरच्या माणसाचे कान दिसतात, पण नाक दिसत नाही. कडेचं राहतं आणि मधलं जातं. गेल्या उन्हाळ्यात डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायचं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. किती टिकेल, हा प्रश्न विचारायचं मी टाळत होते, तो बाबांनी सरळ विचारून टाकला. वर्षभर तरी टिकवू, पुढचं आत्ता सांगता येणार नाही, असं उत्तर आलं. बाबांनी मान हलवली. बाहेर येऊन मी रिक्षावाल्याशी विनाकारण भांडले.

ओटीवरच्या मंडळींना यातलं काही माहीत नव्हतं. बाबांचा चष्म्याचा नंबर वाढलाय, एवढंच त्यांना सांगितलेलं होतं. छापील पेपर बाबांना केव्हाच दिसेनासा झाला होता. त्यांचं सगळं चालत होतं ते माझ्या जुन्या लॅपटॉपवर. मी शाळेत मराठी शिकवते. नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना बाबांना देऊन टाकला, त्यातली भाषा मराठी करून दिली आणि बाबांना लागणारी सगळी चित्रं मोठी करून डाव्या कडेला लावून दिली, कारण ती कड त्यांना दिसते. बाबा डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबतात, पेपर उघडतात, अक्षर इतकं मोठं करतात की पडद्यावर दोन-तीनच शब्द मावतात, आणि मग तोंड खिडकीकडे फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचतात. नवख्या माणसाला वाटावं, लॅपटॉपशी यांचं बोलणं बंद आहे.

लॅपटॉपचंही वय झालं होतं. सुरू व्हायला त्याला चहा उकळायला लागतो तेवढा वेळ लागायचा. थोड्या वेळात तो तापायचा आणि आतला पंखा असा ओरडायचा की आई कुकर समजून स्वयंपाकघरात गॅस बघायला जायची. माझे यजमान संगणकात काम करतात. वसईत आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या इमारतीत कुणाचंही वायफाय बंद पडलं की आमची बेल वाजते. त्यांनी लॅपटॉपची जुनी डिस्क काढून नवी, वेगवान बसवली, चालू होताना आपोआप उघडणारी बिनकामाची प्रकरणं बंद केली आणि हवा खेळती राहावी म्हणून खाली ठेवायचा एक स्टँड आणायचं ठरवलं. हे ठरवणं पुढे बरेच दिवस चाललं. शेवटी आईनं लॅपटॉप उचलून पोळपाटावर ठेवला. पोळपाटाला खाली पाय असतात. पंखा गप्प झाला. आईनं स्वतःसाठी नवा पोळपाट आणला आणि यजमानांनी ऑफिसात या उपायाचा फोटो स्वतःच्या नावावर खपवला.

अशी सगळी डागडुजी होऊन गाडी रुळावर आली, आणि मग पडदाभर सूचना यायला लागली. या संगणक प्रणालीचा सपोर्ट ऑक्टोबरात संपत आहे, त्यानंतर सुरक्षेची अपडेट मिळणार नाहीत, नवी प्रणाली घ्या. नवी घ्यायला गेलो तर दुसरी सूचना आली की आपलं डिव्हाइस पात्र नाही. म्हणजे जुन्यात राहू नका, आणि नव्यात तुम्हाला घेत नाही. पुनर्वसनाच्या इमारतीत घर मिळायची वाट बघणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल.

मग घरात तज्ज्ञ उगवले. भाऊ म्हणाला, भंगारात टाका, मी नवा आणतो. भाऊ ट्रॅक्टरसुद्धा याच तत्त्वावर चालवतो. यजमानांना याहून मोठं काहीतरी सुचलं होतं. फुकटात मिळणारी एक वेगळीच प्रणाली जुन्या लॅपटॉपवर घालायची, कंपनीच्या जाळ्यातून कायमची सुटका करून घ्यायची, असं ते डोळ्यांत चमक आणून सांगत होते. एका रविवारी पेनड्राइव्हवर ती घेऊन ते चांदीपला आलेही. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि माझा पेपर कुठे आहे एवढंच विचारलं. पेपर निघाला, पण अक्षर मोठं करायची बाबांच्या बोटांना पाठ असलेली रीत तिथे चालेना, आणि वायफाय मध्येच जायला लागलं. दुपारपर्यंत सुटका बारगळली. यजमान जेवून झोपले.

संध्याकाळी भावानं दुकानातून दाखवायला आणलेला नवा लॅपटॉप उघडला. बाबांनी तोंड फिरवलं आणि डाव्या कोपऱ्यात दाबलं. तिथे हवामान निघालं. एकतीस अंश, ढगाळ. बाबांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बटण आता पडद्याच्या खाली मधोमध गेलंय, असं भावानं सांगितलं. ते परत कोपऱ्यात आणता येतं, असं यजमान म्हणाले आणि त्यांनी आणलंही, पण ते दाबल्यावर जे उघडलं ते सगळं मधोमध, बारीक आणि अनोळखी होतं. बाबांनी लॅपटॉप हातानं दूर सरकवला.

"मना मधलं दिसत नाय," ते म्हणाले, "नि यांनी सगलं मधेच आनून ठेवलंय."

नवा लॅपटॉप दुसऱ्या दिवशी परत गेला. मला तेव्हा खरंच भीती वाटली. हा डबडा लॅपटॉप गेला की पेपर जाणार, पेपर गेला की ओटी जाणार, आणि ओटी गेल्यावर बाबा घरात बसून नुसते आमच्या येण्याजाण्याचे आवाज ऐकत राहणार. डोळ्यांचं जे व्हायचं ते होईल, पण जे वर्ष हातात आहे ते तरी त्यांना वाचून घालवू दे, एवढंच माझं देवाकडे मागणं होतं.

यजमानांनी मग एक व्यवहारी तोडगा काढला. सपोर्ट संपला तरी लॅपटॉप काही बंद पडत नाही, बाबांचं बँकेचं काम त्यावर नाही, तर सूचना येईल तेव्हा बंद करायची आणि खुशाल वापरत राहायचं. मला हे पटलं. भावालाही पटलं. बाबांना अजिबात पटलं नाही. मुदत संपल्यावर मंजुरीशिवाय वापरणं म्हणजे अनधिकृत वापर, असं ते म्हणाले. अर्ध्या तालुक्याला त्यांनी आयुष्यभर हेच ऐकवलं होतं, आणि आता म्हातारपणी स्वतःच अनधिकृत व्हायची त्यांची तयारी नव्हती. रीतसर अर्ज करायला हवा, असा त्यांनी निर्णय दिला. कंपनीला असे अर्ज करत नाहीत, असं आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. मग मुदतवाढ देतात कशी, असं त्यांनी उलट विचारलं.

लॅपटॉपमध्ये वापरणाऱ्यांनी कंपनीला सूचना लिहून पाठवायची एक चौकट असते. जगातलं कुणी त्यात काही लिहीत असेल असं मला वाटत नाही. तीच एक वाट बाबांना सापडली. मी टाईप करायला बसले, बाबा पोळपाटाशेजारी पाटावर बसून सांगायला लागले. घरात बोलताना बाबा पानी म्हणतात, कोन म्हणतात. पण अर्ज सुरू झाला की त्यांच्या तोंडून कचेरीची भाषा इस्त्री करून बाहेर येते. विषय, संगणक प्रणालीस एक वर्ष मुदतवाढ मिळणेबाबत. संदर्भ, आपली पडद्यावरील सूचना. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर प्रणाली अर्जदार नियमितपणे वापरत असून तिच्याविषयी अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. शाळेत कुणी असं मराठी लिहिलं तर मी लाल रेघ मारते, पण इथे मला हसू आवरत नव्हतं. आई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं नवऱ्याला एवढं मृदू बोलताना बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग कारणाचा परिच्छेद आला.

"अर्जदाराच्या दृष्टीस वैद्यकीय मतानुसार अंदाजे एक वर्ष कालावधी शिल्लक आहे," बाबांनी त्याच आवाजात सांगितलं. "त्यानंतर अर्जदारास सदर प्रणालीची आवश्यकता भासणार नाही. सबब, त्यापुढील मुदतवाढीची मागणी करण्यात येणार नाही, याची नोंद घ्यावी."

हे वाक्य नको, असं मी म्हणाले. बाबांना माझा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज कळला असणार.

"कारन खरं असलं की वरचा साहेब सही करतो," ते म्हणाले. "लिही तू."

मी लिहिलं. शब्द धड दिसत नव्हते, त्यामुळे एका ठिकाणी दोनदा टाईप झालं. पाठवल्यावर कंपनीकडून आभाराची एक ओळ आली. बाबांना ती पसंत पडली नाही. आभार म्हणजे पोच नव्हे, आवक क्रमांक कुठे आहे, असं त्यांनी विचारलं, आणि तो नाही म्हटल्यावर कंपनीच्या कारभाराविषयी त्यांचं मत कायमचं खाली गेलं.

पुढे ऑक्टोबर आला. बाबा रोज सकाळी पेपरच्या आधी सूचना बघायचे आणि उत्तर आलं नाही म्हणायचे. मी शनिवारी चांदीपला गेले की आधी आईकडे बघायचे, ती मान हलवायची. सपोर्ट संपायला थोडेच दिवस उरलेले असताना बाबांचा शाळेत फोन आला. मी वर्ग सोडून बाहेर आले, काहीतरी झालं असंच मला वाटलं.

"मंजूर झाली," बाबा म्हणाले.

झालं होतं असं, की कंपनीनं जुनी प्रणाली वापरणाऱ्या सगळ्यांनाच वर्षभर सुरक्षेची अपडेट देऊ केली होती. नवं काही मिळणार नाही, आहे ते टिकवायचं, एवढीच ती सोय. नोंदणी करा, अशी एक ओळ बाबांच्या पडद्यावर उगवली होती. ती इतरांकडे आधीच उगवली असावी. यजमानांना हे माहीतही होतं, पण सुटकेच्या नादात ते सांगायला विसरले होते. मी शनिवारी जाऊन नोंदणी करून दिली. त्यासाठी कंपनीचं खातं लागतं, खात्याला जन्मतारीख लागते. बाबांचा खरा जन्म भाताच्या कापणीतला, पण शाळेतल्या गुरुजींनी त्या पिढीतल्या निम्म्या गावाला एक जून देऊन टाकला होता. कंपनीलाही एक जूनच सांगितला. खरी तारीख देऊन उगाच कागदात घोळ कशाला, असं बाबा म्हणाले. पडद्यावर नोंदणी झाली असं आलं आणि पुढच्या ऑक्टोबरचं आश्वासन मिळालं. बाबांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. मग ते ओटीवर गेले आणि त्या दिवशी बातम्यांमध्ये पहिली बातमी हीच होती.

त्याचा परिणाम आठवडाभरात दिसला. माजी सरपंच मुलाचा लॅपटॉप पिशवीत घालून घेऊन आले. शेजारचे काका फोन घेऊन आले, कारण त्यावर कुठलंतरी ॲप चालेनासं झालं होतं. एकानं मिक्सर आणला. त्याची वॉरंटी संपली होती आणि आतून जळका वास येत होता. बाबांनी कुणाला परत पाठवलं नाही. माझी सुट्टी बघून सगळ्यांना शनिवार दिला गेला, आणि मी ओटीवर बसून मिक्सरच्या वॉरंटीस मुदतवाढ मिळणेबाबत, असा विषय टाईप केला. माजी सरपंचांच्या लॅपटॉपची नोंदणी मी मुकाट्यानं करून दिली. ती अर्थातच लगेच झाली. ओटीवर बाबांचं वजन एवढं वाढलं की त्यांच्या शेऱ्यावर पूर्वी जो एकजण कुरबूर करायचा तोही गप्प बसायला लागला.

मला मात्र हे खपेना. लोक मिक्सर घेऊन येताहेत आणि मी त्यांच्या अज्ञानात भर घालतेय, मग मी शिक्षिका कसली, असं वाटायला लागलं. मंडळी गेल्यावर मी बाबांना स्पष्ट सांगून टाकलं, की अर्ज कुणी वाचलेला नाही. मराठीत लिहिलेला तर नाहीच. ही सोय सगळ्यांना दिलीय, ज्यांनी काही मागितलं नाही त्यांनाही. बोलून झाल्यावर मला वाईट वाटलं, पण शब्द सुटले होते.

"म्हाईत हाय," बाबा म्हणाले. "योजना सगल्यांसाठीच असते. पन अर्ज केला कोनी? एकट्यानं मी केला. फाईल तिथनं हलली."

नोकरीत त्यांनी असल्या कितीतरी फाईली हलवल्या असतील, त्यामुळे मी पुढे वाद घातला नाही. मिक्सरचं उत्तर अजून आलेलं नाही.

परवा बाबांना डॉक्टरांकडे दाखवायला नेलं. दरवेळी होते तशी तपासणी झाली, डोळ्यांचे फोटो काढले, आणि डॉक्टर ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं की इंजेक्शनांचा चांगला उपयोग होतोय. डाग वाढायचा थांबलाय. हे असंच राहिलं तर कडेची नजर बरीच वर्षं राहील, आता वर्षाचा हिशोब डोक्यातून काढून टाका. मी तिथेच रडायला लागले. डॉक्टरांनी मला पाणी दिलं आणि बाबांनी, काहीच झालेलं नसल्यासारखं, पुढच्या तारखेची चौकशी केली.

रिक्षात बाबा गप्प होते. मी आईला फोन केला, भावाला केला, यजमानांना केला, सगळ्यांना आनंद सांगून झाला, तरी बाबा गप्पच. एवढी चांगली बातमी मिळाल्यावर माणसानं थोडं तरी हसावं. मला रागच आला. काय झालं, दुखतंय का, असं मी विचारलं.

"अर्ज चुकला," बाबा म्हणाले. "त्यात लिहिलंय, पुढं मागनी करनार नाय. मुदत कमी मागितली मी."

रिक्षा पुलाखाली अडकली होती आणि आजूबाजूला सगळे हॉर्न वाजवत होते. बाबांनी तोंड बाहेर फिरवलं, म्हणजे आता ते माझ्याकडे बघत होते. "दुरुस्तीचा अर्ज लिही," ते म्हणाले, आणि कचेरीच्या आवाजात सांगायला लागले. मी पर्समधून फोन काढला आणि विषय टाईप करायला घेतला.